भिंतीवरचा चांगला रिपोर्ट

माझ्या सासरचे पुरुष हार्टनं जातात, हे लग्न ठरायच्या आधीच आमच्या घरी माहीत होतं. स्थळ बघायला उमापूरला गेलेल्या माझ्या आत्याला तिथल्याच एका बाईनं हळूच सांगितलं होतं, "घर चांगलं हाय, दुकान हाय, माणसं निर्व्यसनी हायेत. पर गडी हार्टनं जात्यात." आत्यानं ते जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. माझे वडील म्हणाले, "कशानं तरी जायचंच असतंय की." झालं लग्न.

सासरे माझ्या डोळ्यांदेखत गेले. दुकानातल्या गादीवर बसून गिऱ्हाइकाला साखर मापून देत होते, तसेच आडवे झाले. थोरले दीर गेवराईच्या बाजाराला गेलते, त्यांना तिथून जीपमध्ये घालून आणलं. तेव्हापासून माझ्या नवऱ्याच्या पोटात एकच भीती बसली. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणायचे; पोरगी झाल्यावर मीही अप्पाच म्हणायला लागले. साप निघाला तर काठी घेऊन पुढं होणारा माणूस, पण छातीत जरा कळ आली की तोंड पांढरंफटक. ढेकर आला की कळ जायची, भीती मात्र जायची नाही.

आमचं दुकान किराण्याचं, पण ओळख तेलाची. करडीचं, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, डब्यातून काढून सुटं द्यायचं. वस्त्यांवरची माणसं, पार तलवाड्याकडची सुद्धा, रिकाम्या बाटल्या घेऊन यायची. अप्पांच्या सदऱ्याला कायम तेलाचा वास. अंगानं भरलेला गडी, गादीवर बसला की गादी दिसायची नाही.

मग गेवराईच्या एका डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सांगितलं, कोलेस्टेरॉल वाढलंय. तेलतूप कमी करा, चालत जा, ही गोळी घ्या. गोळी अप्पांनी घेतलीच नाही, "सवय लागती" म्हणाले. पथ्य मात्र असं धरलं की काय सांगू! सकाळी लिंगपूजा झाली की आधी मेथ्यांचं पाणी. मग बिटाचा रस. भाजीला फोडणी बंद. भाकरीला तुपाचं बोट लागलं तरी भाकर परत. दिवसभर गावाला तेल मापून देणारा माणूस घरात येऊन वरणाच्या पाण्यात कोरडी भाकर बुडवून खायचा. सणाला पुरणपोळी केली तर त्यावर दूधसुद्धा घेईना. मला असा राग यायचा! मी म्हणायचे, "अवो, देवानं जीभ दिली ती काय नुसती भाव करायला दिली का?"

ते हसायचे. "तुला काय कळतंय? मला पोरीचं लगीन बघायचंय."

हे असं बरेच महिने चाललं आणि अप्पा खरंच उतरायला लागले. आधी पोट गेलं, मग गाल गेले. पँटीला कमरेपाशी चुण्या पडायला लागल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय अप्पा, हिरो दिसायलात!" अप्पा खूश. कुणी विचारलं, "काय करायलात?" की हे सगळं काम सोडून मेथ्या कशा भिजवायच्या ते सांगत बसायचे. तेल घ्यायला आलेल्या माणसाला तेल खाऊ नको म्हणणारा दुकानदार मी एकच बघितला.

खोकला होता. पण मिरची-धन्याच्या पोत्यांत बसणाऱ्या माणसाला खोकला नसणार तर काय? संध्याकाळी कणकण यायची, ती उन्हाची. घाम इतका यायचा की उशीचा अभ्रा पिळावा, तर म्हणायचे, "चरबी जळायलीय, घामावाटे निघायलीय." प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं उत्तर होतं. आणि गाव मान हलवायचं.

त्याच दिवसांत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला गावातल्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं. मांडव, स्पीकर, केळी, सगळं. अप्पा सगळ्यांच्या आधी रांगेत. रिपोर्ट आला तेव्हा शिबिरातला तरुण डॉक्टर म्हणाला, "वा! या वयात इतकं कमी कोलेस्टेरॉल! काय खाता काय तुम्ही?" झालं. अप्पांनी शाळेपासून घरापर्यंत भेटेल त्याला तो कागद दाखवला. गेवराईला जाऊन त्यावर प्लास्टिक चढवून आणलं आणि दुकानात देवाच्या फोटोशेजारी खिळा मारून लावला. वर पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही. म्हणाले, "बापाला जमलं न्हाई, भावाला जमलं न्हाई, मी करून दाखवलं."

त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पोरगी झाली तेव्हाही मी बघितला नव्हता. आज तो चेहरा आठवला की मला त्या शिबिराचा, त्या मांडवाचा, त्या केळ्यांचा सुद्धा संताप येतो. समोर हाडांवर सदरा टांगलेला माणूस उभा होता, खोकत होता, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

पुढं काही दिवसांनी सकाळी मोरीत लाल दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, "बिटाचा रस उलटला असंल." मी मोरी धुऊन टाकली. दोन दिवसांनी परत दिसलं. त्या दिवशी बीट संपलं होतं, घरात एकही नव्हतं, मलाच आणायचं होतं. मी तशीच बाहेर आले, दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाले, "जीपमधी बसा. एक शब्द बोलू नका."

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात डबीत बेडका घेतला, छातीचा फोटो काढला. टीबी. फुप्फुसाचा. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, आवाज खणखणीत. त्यांनी सगळं नीट समजावलं. गोळ्या रोज, सहा महिने, एक दिवस चुकवायचा नाही. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. खायचं भरपूर. "अंडी चालतात?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आमी लिंगायत, घरात अंडं येत न्हाई." त्या म्हणाल्या, "मग दूध, डाळ, शेंगदाणे, तूप. हात आखडू नका. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

अप्पांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मग पिशवीतून काय काढलं असेल? तो रिपोर्ट. निघायच्या गडबडीत कधी भिंतीवरून काढून पिशवीत टाकला होता, देव जाणे. बाईंपुढं धरून म्हणाले, "बाई, टीबी आसंल. पर माझं रक्त चांगलं हाय, हे बघा."

बाईंनी बघितलं. चष्मा काढला. "अप्पा, हे चांगलं नव्हतं हो. तेव्हाच टीबी असणार. हा आजार माणसाला आतून खातो. अंगावरची चरबी, रक्तातली चरबी, सगळी त्यात जाते. म्हणून आकडा खाली आला. आता तुम्ही बरे होत जाल तसा तो परत वर यायला लागेल. वर आला तर घाबरू नका, अंग भरतंय असं समजा."

येताना जीपमध्ये अप्पा बाहेर बघत बसले. मला वाटलं टीबीचा धक्का बसलाय. गाव जवळ आल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "म्हंजे मी येवढं केलं ते फुकटच का?" टीबी झाला हे त्यांनी पचवलं होतं. आपण कमावलेली गोष्ट आपली नव्हतीच, ते रोगाचं काम होतं, हे काही पचलं नाही त्यांना, शेवटपर्यंत नाही.

घरी आल्या आल्या तो रिपोर्ट परत खिळ्याला लावला. मी म्हटलं, "आता कावून?" म्हणाले, "राहू दे. लोक विचारतेन कुठं गेला म्हणून."

टीबीचं गावात सांगायचं नाही, हे धाकट्या दिरानं ठरवलं. त्याचं गेवराईत कापडाचं दुकान, शहाणपण सगळं त्याच्याकडं. "वैनी, सुटं तेल विकतो आपण. एकदा कळलं की कुत्रंबी दुकानात यायचं न्हाई. आन् पोरीचं लगीन व्हायचंय." पोरगी तेव्हा बीडला कॉलेजात, शनिवारी घरी यायची. तिला तपासायला न्यायचं तर सरकारी दवाखान्यात चार ओळखीचे भेटतात, म्हणून तेही "बघू, बघू" करत राहून गेलं. गावाला सांगितलं, न्यूमोनिया.

पहिले दोन महिने वाईट गेले. गोळ्या घेतल्या की उलटी. मी शेंगदाण्याचे लाडू करायचे, वरणात गुपचूप तूप सोडायचे, वरचा तवंग दिसू नये म्हणून ढवळून ढवळून वाढायचे. नवऱ्याला तूप चोरून खाऊ घालणारी बाई मीच असेन. पण फरक पडला! खोकला गेला. घाम गेला. भूक अशी लागायची की रात्रीची भाकर दुपारीच मागायचे. गाल परत आले. एका सकाळी कट्ट्यावर बसून ओरडले, "अगं, चहात साखर न्हाई टाकली का?" तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले, आनंदानं. माझ्यावर कुरकुर करायला लागलेला माणूस म्हणजे बरा झालेला माणूस.

आणि इथंच घात झाला.

गिऱ्हाइकं परत बोलायला लागली, "काय अप्पा, सुटायलात!" बास. मला न सांगता, माल आणायला जातो म्हणून गेवराईला गेले आणि एका खाजगी लॅबमध्ये रक्त देऊन आले. कोलेस्टेरॉल वर आलं होतं. बाईंनी सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. पण अप्पांना बाई आठवल्या नाहीत, गादीवर आडवे झालेले बाप आठवले. त्यांनी सरळ हिशेब लावला: आधी रक्त चांगलं होतं, गोळ्या सुरू झाल्या आणि रक्त बिघडलं, म्हणजे गोळ्यांनीच चरबी आणली. खोकला तर गेलाच होता. मग गोळ्या कशाला?

मला यातलं काही माहीत नव्हतं. रोज सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि गोळ्या हातात द्यायचे, ते "घेतो" म्हणून दुकानात जायचे. लिंगपूजेनंतर पाणी घेऊन दुकानात जायची त्यांची जुनीच रीत, संशय यावा असं काही नव्हतं. तेलाचे रिकामे डबे आम्ही भंगारवाल्याला देतो. तो आला, त्यानं डबे उचलले आणि एक डबा हलवून म्हणाला, "मावशी, यात काय वाजायलंय?" मी डबा उपडा केला. तळाच्या तेलात माखलेल्या लाल गोळ्या. ओंजळ भरली माझी.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारीण धावत आली, तिला मी दारातूनच परत लावलं. अप्पा शांत. मला समजावायला लागले, जणू वेडी मीच. "अगं, टीबीनं आता कोण मरतंय? सरकारी गोळी हाय, कवाबी घेता येती. हार्टाचं तसं न्हाई. हार्ट येळ देत न्हाई माणसाला."

"अटॅकनं मरायचं न्हाई म्हणून टीबीनं मरायचंय का तुमाला?" मी म्हटलं.

"मरायचंच न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर."

हात धरून परत दवाखान्यात नेलं तोवर खोकला परत आला होता. बेडका मशीनवर तपासला. आता जुन्या गोळ्यांना तो रोग जुमानत नव्हता. बीडला दाखल केलं, नव्या गोळ्या दिल्या, जास्त कडक, जास्त दिवसांच्या. त्या त्यांनी घेतल्या. एकही चुकवली नाही, मी जीभ उचलायला लावून बघायचे. पण अंगात काही उरलं नव्हतं. अन्न आत ठरेना. ज्या तुपासाठी मी चोऱ्या केल्या, ते आता मी उघडपणे भातावर घालायचे तर वासानंच उलटी व्हायची. मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. वॉर्डातली खाट खिडकीपाशी होती, बाहेर लिंबाचं झाड होतं, त्याच्याकडं बघत पडून राहायचे. श्वास घेताना गळ्यातलं लिंग खालीवर व्हायचं.

एक दिवस दुपारी नर्सनं रक्ताचे सगळे रिपोर्ट खाटेवर आणून ठेवले. औषधं कडक असली की सगळंच तपासतात. अप्पांनी डोळे उघडले. बोलायला दम नव्हता, बोटानं कागदाकडं दाखवलं. मी म्हटलं, "काय बघू?" ओठ हलले. कोलेस्टेरॉल.

मी कागद चाळला. सापडलं. शिबिरातल्यापेक्षाही कमी होतं. मला माहीत होतं त्याचा अर्थ काय तो. कागद फाडून त्या खिडकीतून फेकावा असं वाटलं. पण विचारलं होतं त्यांनी, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले आणि हसले, हो, हसले. माझा हात शोधून धरला आणि म्हणाले, "बघ. हार्टनं न्हाई जात मी."

चौथ्या दिवशी गेले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. भस्म लावून, मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, आणि बसलेलाच जमिनीत ठेवतात. अप्पांना बसवलं तेव्हा मान राहीना. दोघांनी दोन बाजूंनी धरली. ज्या माणसाखाली गादी दिसायची नाही, त्याच्या चारी बाजूंनी खड्ड्यात नुसती जागाच जागा होती. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते, आणि मागं उभ्या गर्दीत माझा दीर एकेकाला सांगत होता, "काय करता? शेवटाला हार्टच बंद पडलं. आमच्या घराण्यातच हाय ते."

माझ्या कानावर पडलं ते. बाप, भाऊ आणि आता हा, असं म्हणत लोकांनी माना हलवल्या. ज्या एका मरणाला टाळायला माणसानं स्वतःला उपाशी मारलं, तेच मरण गावानं त्याच्या नावावर लावलं. आणि मी त्या दिवशी गप्प बसले, कारण उभं राहायचंच त्राण नव्हतं.

पण नंतर मी पोरीकडं बघायला लागले. तिला टीबीचं माहीत होतं, तिच्यापासून काय लपणार? पण काकानं तिच्या डोक्यात भरलं होतं, टीबी बरा झाला असता गं, शेवटी हार्टानंच घात केला. एका सकाळी मी उठले तर ओट्यावर पेल्यात मेथ्या भिजत घातलेल्या. मला वाटलं सवयीनं मीच घातल्या. मी नव्हत्या घातल्या. भिंतीवरचा रिपोर्टही तिनं पुसून अप्पांच्या फोटोखाली लावला होता. आणि ती खोकत होती. जरासंच. मिरच्यांमुळं असेल. असेलही. मला आता कुणाचा खोकला ऐकवत नाही.

अप्पांच्या शिवगणाराधनेला, म्हणजे त्यांच्यामागं घातलेल्या जेवणाला, सगळे जमले. स्वामी जेवून उठले, मग पाव्हण्यांची पंगत. कड्याहून पोरीसाठी सोयरीक आली होती, ती मंडळीही आली होती, दीर त्यांच्याच पुढंपुढं करत होता. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत वाढत पोरीपाशी आले. तिनं ताटावर हात आडवा धरला.

"नको आई. आपल्या घरात हार्ट हाय."

माझ्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक. "कुणी सांगितलं?"

"काका म्हणले. शेवटाला हार्टच बंद पडलं अप्पांचं."

"अगं, हार्ट शेवटाला समद्यांचंच बंद पडतंय!" मी ओरडले. सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. दीर उठला, "वैनी, वैनी" करत. मी म्हटलं, "बसा भावजी. आज मी बोलणार हाय. टीबीनं गेले हिचे अप्पा. गोळ्या टाकल्या तेलाच्या डब्यात, कोलेस्टेरॉल वाढतंय म्हणून. रक्तातली चरबी कमी झाली म्हणून आपण पेढे खाल्ले. रोग खायला होता त्यांना आन् आपण पेढे खाल्ले! उद्या सकाळी हिला घेऊन मी गेवराईला तपासायला जाणार हाय, समद्यांसमोर सांगून. ज्याला आमच्याकडचं तेल घ्यायचं न्हाई त्यानं घेऊ नये."

कड्याच्या बाईनं हातातला घास ताटात ठेवला. थोड्या वेळानं ती मंडळी उठली, हात धुतले आणि चप्पल घालायला लागली. दीर त्यांच्या मागं दारापर्यंत गेला.

पोरगी खाली बघत होती. हात अजून ताटावरच होता. तो मी उचलून बाजूला ठेवला आणि पुरणावर तूप सोडलं, ती "बास" म्हणायची वाट न बघता. ती रडत होती. रडता रडता जेवली, आणि सगळं जेवली.